संगणकाचा ताप



मनुष्यास ताप आला म्हणजे डॉक्टर कांचेची नळी काखेंत ठेवतात आणि दिसलेला आंकडा मनांतल्या एका ठराविक आंकड्याशीं ताडून पाहतात. तो आंकडा ३७ अंशांचा. मनुष्य केनवडचा असो कीं काश्मीरचा असो, बाहेर बर्फ पडत असो कीं वणवा पेटलेला असो, निरोगी शरीराचें उष्णतामान त्याच्याच आसपास असावयाचें. या संवयीमुळें संगणकाविषयींहि पुष्कळ लोक असाच प्रश्न विचारतात : आमच्या जुन्या यंत्राचा प्रोसेसर अमुक अंश दाखवितो, हें ठीक आहे कीं नाहीं? या प्रश्नास एका आंकड्यांत उत्तर देतां येत नाहीं. आणि कां देतां येत नाहीं हें समजण्यासाठीं संगणकाच्या उष्णतेचा गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहासच चाळावा लागतो. तोच आज आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे. मी विज्ञानाचा पंडित नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वाशिम जिल्ह्यांतील केनवडसारख्या खेड्यांत राहणारा, मुलांना गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. परंतु हा इतिहास बेरीज-गुणाकारापलीकडे फारसा जात नाहीं, व तेवढें मला येतें.

संगणक हें यंत्र इतर यंत्रांहून एका बाबतींत अगदीं निराळें आहे. पिठाच्या गिरणीस वीज दिली तर ती पीठ देते. विहिरीवरील पंपास दिली तर तो पाणी वर चढवितो. तेथें विजेचा मोठा भाग कामाला लागतो व उरलेला उष्णतेच्या रूपानें वायां जातो. संगणक कांहीं दळीत नाहीं, कांहीं उचलीत नाहीं. त्याच्या प्रोसेसरमध्यें शिरलेली वीज आंकड्यांची उलाढाल करून अखेर जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. साठ वॅटचा प्रोसेसर म्हणजे उष्णतेच्या दृष्टीनें साठ वॅटचा जळता दिवा. फरक इतकाच कीं, दिव्याची कांच मोठी असते, आणि येथें तेवढाच जाळ नखाएवढ्या चकतीवर पेटलेला असतो. तो वेळच्या वेळीं काढून नेणें हें काम पहिल्या संगणकापासून आजपर्यंत अखंड चालत आलेलें आहे. पण ग्रंथकार वेगाचें आणि स्मरणशक्तीचें वर्णन करण्यांत इतके रमतात कीं, या बाजूचा उल्लेख ओझरता करून ते पुढें जातात.

ज्यांच्या घरीं पूर्वीं मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल कीं, कळ फिरविल्यावर आवाज यावयास अर्धा-एक मिनिट लागे, आणि तासाभरानें पेटीवर हात ठेवला तर ती चांगली ऊन लागे. थंडीच्या दिवसांत घरचें मांजर तेथेंच जाऊन बसे. आंतील तार लाल झाल्यावांचून व्हॉल्व्हचें काम सुरूच होत नसे. घरच्या रेडिओंत असे पांच-सहा व्हॉल्व्ह असत. १९४६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या ‘एनिॲक’ या यंत्रांत ते सुमारें १८,००० होते, व त्यास १५० किलोवॅट वीज लागे. ही आंच काढून नेण्यासाठीं पंख्यांनीं हवा खेळविली जाई, आणि एखाद्या कपाटांतील उष्णतामान मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणाऱ्या कळा बसविलेल्या होत्या. हल्लींच्या प्रोसेसरमध्यें स्वसंरक्षणाची जी युक्ति असते तिचें मूळ असें पहिल्याच पिढींत सांपडतें.

आपल्या महाराष्ट्रांत या कथेचा आरंभ मुंबईस झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत श्री. रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं आधीं एक लहान प्रायोगिक यंत्र आणि मग एक मोठें यंत्र बांधण्यांत आलें. मोठें यंत्र १९६० सालीं कामास लागलें, व १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. हा सारा संसार अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद व आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यांत मांडलेला होता.

आतां थोडें गणित करूं. एका व्हॉल्व्हची केवळ तार लाल ठेवण्यास सरासरीनें दोन वॅट लागतात असें धरलें, तरी २,७०० व्हॉल्व्हना ५,४०० वॅट होतात. म्हणजे पांच-सहा विजेच्या शेगड्या एकाच खोलींत पेटवून ठेवल्यासारखें झालें. आणि खोली मुंबईची, जेथें ऑक्टोबरांत नुसतें बसून राहिलें तरी सदरा भिजतो! व्हॉल्व्हचें सरासरी आयुष्य दहा हजार तास धरलें, तर २,७०० व्हॉल्व्हपैकीं दर पावणेचार तासांस एखादा मान टाकणार, हेंहि त्याच हिशेबानें निघतें. आंच वाढली कीं हें आयुष्य आणखी घटतें. म्हणून त्या काळीं संगणकाची खोली थंड राखणें ही चैन नव्हती. यंत्राचा तो एक अवयवच होता. साहेबाच्या खोलींतहि जी सोय नसेल ती यंत्राच्या खोलींत असे, आणि उन्हाळ्यांत तेथें काम असणाऱ्यांचा इतरांना हेवा वाटे, असें त्या पिढींतील माणसें सांगत.

ट्रान्झिस्टर आला आणि लाल तार गेली. १९६४ सालीं याच संस्थेंत ‘सीडीसी ३६००’ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा अमेरिकन संगणक आला. परंतु उष्णतेचा प्रश्न गेला नाहीं, त्यानें केवळ वेष पालटला. आरंभींचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असत, व जर्मेनियमचा स्वभाव मोठा नाजूक. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढें त्यांतून नको तेथें वीज पाझरूं लागते, त्या पाझरानें तो आणखी तापतो, आणि तापल्यानें आणखी पाझरतो. वाळूपासून निघणारें सिलिकॉन याहून पुष्कळ अधिक आंच सोसतें. सिलिकॉनने जर्मेनियमला संगणकांतून हुसकावून लावलें त्याच्या कारणांत ही सोशिकता एक मोठें कारण होती. आपण आज सिलिकॉनच्या युगांत राहतों असें म्हणतात, तें युग कांहीं अंशीं तरी उष्णतेनें निवडून दिलेलें आहे.

मोठ्या यंत्रांचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगून टाकतों. अमेरिकेंतील सेमूर क्रे यांनीं १९६४ च्या ‘सीडीसी ६६००’ या यंत्रांत घरच्या फ्रिजांत तेव्हां वापरीत तसला फ्रेऑन वायु नळ्यांतून खेळविला. १९७६ च्या त्यांच्या ‘क्रे-१’ मध्येंहि तीच रीत होती. आणि १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्यें तर साऱ्या चकत्याच एका वीज न वाहणाऱ्या द्रवांत बुडवून ठेवलेल्या होत्या. असा महासंगणक भारतास हवा तसा मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ उभा केला. डॉ. भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे, म्हणजे आमच्या वऱ्हाडांतलेच, हें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. परमची युक्ति अशी कीं, एकच अतिवेगवान प्रोसेसर घेण्याऐवजीं लहान लहान प्रोसेसर पुष्कळ संख्येनें जोडावयाचे व काम त्यांच्यांत वांटून द्यावयाचें. एके ठिकाणीं भट्टी पेटविण्यापेक्षां शंभर पणत्या दूरदूर ठेवाव्या, तसें हें झालें. उजेड तितकाच पडतो, आणि कोणतीहि एक जागा जळत नाहीं. पुढें साऱ्या जगास याच वाटेनें जावें लागलें.

परंतु आपल्या घरांत आणि शाळांत जो संगणक आला तो या महासंगणकांच्या घराण्यांतला नव्हे. त्याची वंशावळ १९७१ सालच्या ‘इंटेल ४००४’ या चकतीपासून सुरू होते. तिच्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि वीज एका वॅटच्या आंतबाहेर लागे. १९८१ सालीं आलेल्या ‘आयबीएम पीसी’मधील ८०८८ असो, किंवा १९८४ सालीं केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेंतून देशांतील अडीचशें शाळांना मिळालेला ‘बीबीसी मायक्रो’ असो, त्यांच्या प्रोसेसरवर ना पंखा होता, ना धातूचीं पातीं. बोट ठेवलें तर कोमट लागे एवढेंच. १९८५ चा ३८६ सुद्धां दोन-तीन वॅटांत भागवून घेई. त्या काळच्या यंत्रांचें ‘नेहमींचें उष्णतामान’ कोणी विचारीत नसे, कारण तें मोजण्याची सोयच नसे व गरजहि नसे.

पालट झाला तो ४८६ च्या उत्तर काळांत, म्हणजे १९९२ च्या सुमारास. चकतीच्या डोक्यावर प्रथम ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक लहानसा ठोकळा आला. त्यासच हीटसिंक म्हणतात. मग त्या ठोकळ्यावर पंखा आला. १९९३ च्या मार्च महिन्यांत पेंटियम निघाला. त्यांत ३१ लाख ट्रान्झिस्टर होते, आणि ६६ मेगॅहर्ट्झचा पेंटियम सोळा वॅटपर्यंत वीज खाई. लोक घाबरले. ‘हा प्रोसेसर आहे कीं तवा?’ अशी थट्टा झाली. पण पुढल्याच वर्षीं विजेचा दाब ५ व्होल्टवरून ३.३ व्होल्टवर आणण्यांत आला, आणि १०० मेगॅहर्ट्झचा अधिक वेगवान पेंटियम दहा वॅटांत चालूं लागला. यामागील नियम सोपा आहे. उष्णता ही वेगाच्या पटीनें वाढते, पण विजेच्या दाबाच्या वर्गाच्या पटीनें वाढते. दाब निम्मा केला तर उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. १९७४ सालीं ‘आयबीएम’चे रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें होतें कीं, ट्रान्झिस्टर लहान करीत गेलें व त्याच प्रमाणांत दाबहि उतरवीत गेलें, तर चकतीच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवरील आंच वाढत नाहीं. पंचवीस-तीस वर्षें कारखानदार या हिशेबाच्या भरंवशावर सुखानें झोंपले.

नंतर मात्र दाब उतरेनासा झाला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले कीं, बंद असतांहि त्यांतून वीज पाझरूं लागली; जर्मेनियमचें जुनें दुखणें नव्या रूपानें परत आलें म्हणा ना! वेगाची शर्यत तर ऐन भरांत होती. २००० सालीं पेंटियम ४ निघाला, व २००४ च्या फेब्रुवारींत त्याचा ‘प्रेस्कॉट’ नांवाचा अवतार आला. त्यांतील वेगवान प्रकार शंभर वॅटच्या पलीकडे गेले. त्याच वर्षीं इंटेलने आपला ‘तेजस’ हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि ४ गिगॅहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतहि सोडून दिला. तेजस हें नांव आपल्या संस्कृत भाषेंतलें. नांवाप्रमाणेंच तेज अनावर झालें, असें एखादा शास्त्री म्हणेल. २००६ सालीं आलेला ‘कोअर २ ड्युओ’ मूळ वेग कमी ठेवून, एका चकतींत दोन मेंदू बसवून, ६५ वॅटांत अधिक काम करूं लागला. भट्टी सोडून पणत्यांकडे वळण्याची जी गोष्ट मघाशीं सांगितली तिचें हें घरगुती रूप होय.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. प्रोसेसर स्वतःचें उष्णतामान मनुष्यासारखें राखीत नाहीं. तो ओट्यावरच्या दुधासारखा आहे : भोंवतालच्या हवेवर अवलंबून. हिशेब असा मांडावयाचा. खोलीचें उष्णतामान घ्यावें. त्यांत डब्याच्या आंतली हवा बाहेरपेक्षां जितकी ऊन असेल ते अंश मिळवावे. साधारणपणें पांच ते दहा. मग प्रोसेसरच्या वॅटांस हीटसिंकच्या गुणकानें गुणून येणारे अंश मिळवावे. हा गुणक म्हणजे दर वॅटमागें किती अंश चढतात त्याची संख्या; बऱ्यापैकीं हीटसिंक व पंख्याचा तो सुमारें अर्धा असतो.

२००१ च्या सुमाराचा साठ वॅटचा ‘ॲथलॉन’ घ्या. पुण्यासारख्या ठिकाणीं खोली २६ अंशांवर आहे असें समजूं. डब्यांत ७ अंश वाढले, प्रोसेसरनें ३० वाढविले, एकूण ६३. त्या जातीची कमाल मर्यादा ९० च्या सुमारास, म्हणजे सत्तावीस अंशांचें अंतर शिल्लक. यंत्र सुखी आहे. तेंच यंत्र मे महिन्यांत आमच्या भागांत आणा. दुपारीं छायेंतला पारा ४३. तेच सात, तेच तीस, एकूण ८०. यंत्र अजून चालतें, पण अंतर दहावर आलें. आतां पात्यांत धूळ बसूं द्या, म्हणजे गुणक अर्ध्यावरून ०.८ वर जाईल. ६० गुणिले ०.८ म्हणजे ४८. ४३ अधिक ७ अधिक ४८ बरोबर ९८. येथें मर्यादा ओलांडली. हीच धूळ पुण्याच्या खोलींत ८१ वर थांबली असती, आणि कोणास कळलेंहि नसतें.

आपणांपैकीं बहुतेक श्रोते शहरांत राहतात, म्हणून हा फरक मुद्दाम आंकड्यांनीं मांडला. यंत्रांबरोबर येणारे कागद थंड देशांतील खोल्या मनांत धरून लिहिलेले असतात. डब्यांतून पंख्यासह मिळणाऱ्या पेंटियम ४ च्या तांत्रिक पत्रकांत इंटेलने स्पष्ट बजावलें आहे कीं, पंख्यांत शिरणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊं देऊं नये. विदर्भांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारची नुसती बाहेरची हवाच त्याच्या वर असते. पेटीच्या आंतील हवेची गोष्ट तर बोलावयासच नको. म्हणजे दुपारीं बारा ते पांच या वेळांत तें यंत्र, कोणाचाहि दोष नसतां, कारखानदारानें आंखून दिलेल्या कक्षेबाहेर चालत असे.

मर्यादा ओलांडल्यावर काय होतें, हें जातीजातींवर अवलंबून आहे. २००१ सालीं एक परीक्षा फार गाजली. चालू यंत्रांवरचे हीटसिंक मुद्दाम काढून घेण्यांत आले. पेंटियम ४ नें आपला वेग उतरविला व रखडत कां होईना काम चालूं ठेवलें. पेंटियम ३ जागच्या जागीं थिजला. आणि ॲथलॉन क्षणांत जळून गेला. त्यानंतर सर्वांनींच स्वसंरक्षणाची व्यवस्था सुधारली. पण पेंटियम ४ च्या शहाणपणाची एक गंमत आहे. तो आजारी आहे असें सांगत नाहीं, नुसता मंद होतो. आमच्याकडे मनुष्यास ऊन लागलें म्हणजे तो बोलेनासा होतो, विचारलें तर ‘कांहीं नाहीं’ म्हणतो, तसेंच हें. मे महिन्यांत संगणक मंदावला कीं लोक व्हायरस शोधतात, नवी मेमरी विकत घेतात. मनुष्यास निदान पन्हें देतां येतें!

उष्णतामान दाखविणाऱ्या आंकड्यावर तरी किती विश्वास ठेवावा? १९९० नंतरच्या पुष्कळ बोर्डांवर मापक प्रोसेसरच्या आंत नसून त्याच्या बैठकीखालीं बसविलेला असे. तो चकतीचें नव्हे, तिच्या खालच्या हवेचें उष्णतामान सांगे, व तें खऱ्याहून बरेंच कमी भरे. पुढें पेंटियम २ च्या उत्तर काळापासून चकतीच्या आंतच मापक येऊं लागले. कोअर मालिकेंत तर मापक उष्णतामान सांगतच नाहीं, मर्यादेपासून किती अंश दूर आहों तेवढेंच सांगतो, आणि पडद्यावरील आंकडा त्यावरून वजाबाकीनें काढलेला असतो. तेव्हां एका जुन्या यंत्राचे ५५ आणि दुसऱ्याचे ५५ हे एकच नव्हेत. शिवाय मर्यादा कोठें मोजावयाची तेंहि बदलत गेलें. जुन्या पेंटियमची सुमारें ७० अंशांची मर्यादा ही आवरणाच्या पाठीवरची होती. ॲथलॉनची नव्वदची खुद्द चकतीची. लोक या दोन संख्या शेजारीं ठेवून एकास सोशिक आणि दुसऱ्यास नाजूक ठरवितात, हें मोठ्या गैरसमजाचें आहे. तरीहि ज्यांस एक ढोबळ अंदाज हवाच असेल त्यांनीं असें समजावें : पंचवीस अंशांच्या खोलींत, त्या काळच्या बहुतेक यंत्रांचा आंकडा काम नसतां ३५ ते ५० व भरपूर काम असतां ५५ ते ७० दिसे. खोली जितके अंश अधिक ऊन, तितके अंश या आंकड्यांत मिळवावे. वाढ त्याहून अधिक दिसली तर दोष हवेचा नव्हे. तो पंखा, धूळ किंवा लेप यांपैकीं कशाचा तरी आहे.

लेप म्हणजे चकती व हीटसिंक यांच्यामध्यें लावतात ती थर्मल पेस्ट. दोन्हीं पृष्ठभाग डोळ्यांस गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यांत सूक्ष्म खांचा असतात, त्यांत हवा राहते, व हवा उष्णतेस अडविते. ती हवा हुसकावण्यापुरताच लेप पाहिजे. पोळीवर तूप फिरवावें इतका पातळ. कांहीं वर्षांनीं तो वाळून खडूसारखा होतो. उन्हाळे कडक असतील तर अधिक लौकर.

धुळीविषयीं मात्र आमच्या भागाचें बोललें पाहिजे. केनवडच्या आसपास कापूस आणि सोयाबीन हीं मुख्य पिकें. ऑक्टोबरांत सोयाबीनची मळणी सुरू झाली म्हणजे बारीक भुशाचा ढग गांवावर तरंगत असतो, आणि तो भुसा कापसाच्या तंतूंत गुंतून पात्यांच्या फटींत अक्षरशः नमदा जमवितो. वरून पंखा फिरतो आहे, आवाज येतो आहे, आणि हवा मात्र एका पात्यामधूनहि जात नाहीं. एका शाळेंत तीन यंत्रें ‘बोर्ड गेला’ असा शेरा मारून भंगारांत काढलेलीं मीं पाहिलीं. वर्गांतल्या दोन मुलांनीं व मीं तीं उघडलीं. दाढीच्या ब्रशानें पातीं झाडलीं, वाळलेला लेप खरडून नवा लावला. त्यांतील दोन चालूं लागलीं. तिसऱ्याच्या बोर्डावरील कपॅसिटर फुगून फुटले होते. तें खरोखरच गेलें होतें. या कपॅसिटरांत द्रव असतो, आणि अनुभवाचा नियम असा कीं, दर दहा अंशांच्या वाढीस त्यांचें आयुष्य निम्मे होतें. म्हणजे जें यंत्र थंड गांवीं आठ वर्षें टिकावयाचें, तें वीस अंश अधिक आंचेंत दोन वर्षांत संपतें. दोन्हीं गांवीं किंमत तीच पडते, हें लक्षांत घ्यावें. आणि खेड्यांतल्या शाळेस दुसरें यंत्र सहजासहजीं मिळत नाहीं. भंगारांत गेलेल्या यंत्राबरोबर त्या वर्गाचा संगणकाचा तासहि जातो.

‘मग खोलींत कूलर कां ठेवीत नाहीं?’ असें कोणी विचारील. विदर्भांतल्या उन्हाळ्याचा खरा मित्र कूलरच. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, वाळ्याच्या ताट्या ज्या कारणानें खोली निववीत, त्याच कारणानें कूलर हवा गार करतो : पाण्याची वाफ होतांना ती उष्णता घेऊन जाते. वैशाखांत आमची हवा इतकी कोरडी असते कीं, ४३ अंशांची हवा त्यांतून तीसच्या खालीं येऊं शकते. संगणकाच्या दृष्टीनें हें वरदानच आहे. मात्र कूलरची धार थेट यंत्रावर सोडूं नये. तुषार आंत जातात, आणि विहिरीच्या जड पाण्यांतले क्षार बोर्डावर पांढरे बसतात. खोलीच्या एका भिंतींत कूलर व समोरच्या भिंतींत उघडी खिडकी, आणि यंत्र मधल्या प्रवाहाच्या बाजूस, ही मांडणी उत्तम. खिडकी बंद ठेवली कीं ओल सांचते व गारवा संपतो, हें घरोघरीं ठाऊक असूनहि शाळेंत विसरतें. पावसाळ्यांत कूलरचा कांहीं उपयोग नाहीं, पण तेव्हां गरजहि उरत नाहीं.

मोठ्या यंत्रांच्या जगांत आतां चक्र फिरून पाण्यावरच आलें आहे. राष्ट्रीय महासंगणक योजनेंतून पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या यंत्रांत प्रोसेसरला भिडवलेल्या पट्ट्यांमधून द्रव खेळवून उष्णता उचलतात; खोली गार करण्यापेक्षां जेथें जाळ आहे तेथेंच हात घालावयाचा. क्रे यांच्या फ्रेऑनच्या नळ्यांची यावरून आठवण होते. शाळेच्या खोलींत असल्या नळ्या कोण बसविणार?

तेथें एकच स्वस्त उपाय उरतो, तो घड्याळाचा. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढील वर्षांत त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचीं केंद्रें तालुक्यातालुक्यांत निघालीं. परीक्षा आटोपल्यावर मुलांना सवड मिळते ती एप्रिल-मे महिन्यांतच, म्हणून या वर्गांची गर्दीहि तेव्हांच. वर्षांतले सर्वांत ऊन दिवस हेच यंत्रांच्या सर्वांत अधिक कामाचे दिवस ठरले. विदर्भांत उन्हाळा लागला कीं शाळा सकाळची होते, ही फार जुनी रीत. सकाळीं सात वाजतां आमच्याकडे पारा तीसच्या आंतबाहेर असतो, दुपारीं दोनपेक्षां बारा-तेरा अंशांनीं खालीं. आणि वर मांडलेल्या हिशेबांत हे बारा-तेरा अंश एक पैसा खर्च न करतां वजा होतात. मुलांच्या वेळापत्रकांत ही वजाबाकी आमच्या वडिलांच्या काळापासून आहे. संगणकाच्या खोलीच्या दारावर मात्र अजून पुष्कळ ठिकाणीं ‘वेळ : दुपारीं १२ ते ५’ अशी पाटी दिसते.